बोअरचं पाणी

पहाटे बोअरचं पाणी कोमट असतं.
पाइपातून वाफ निघते
आणि ओलिताच्या बगीच्यातला काळा चिखल
टायरांवरून पापुद्र्यांनी सुटतो.

उकंडाकाका गाडीखाली शिरलाय,
कानाला मफलर, पायांत काही नाही.
"पट्ट्याइच्या मंधात मार ना बाप्पा,
तेथूनच सडते गाडी."

फाळक्याच्या बिजागरीत कापूस, मागच्या सोमवारचा.
हौद्यात संत्र्याची वाळकी पानं, लेंड्या,
आणि हिरव्या काचेचा एक तुकडा.
सुलभाच्या वरातीतला असेल,
की त्या रात्रीचा,
वरुडच्या दवाखान्यापर्यंत
चंद्रकलानं कडी धरून ठेवली होती तेव्हाचा?
(पोराला अजून सगळे पिकपच म्हणतात.)
काका काच उन्हाकडे धरून बघतो,
खिशात टाकतो.

शाम्पूच्या तीन पुड्या संपल्या.
बोटं माझी राहिली नाहीत.
नऊला ऊन तुरीवरून इकडे आलं
तेव्हा दारावर आम्ही दोघं दिसलो,
लांबट, वाकडे.

रोज हिच्याखाली झोपणारा भुऱ्या
दुरूनच भुंकायला लागला.
"काहून रे? आपलीच होय ना!"
तो आला, हुंगलं,
मागच्या चाकाशी जरा थांबला,
आणि तंगडी वर केली.