पंचेचाळीस लिटर

छावणीतल्या त्या दुकानात पिशव्या लिटरमध्ये मोजतात.
"ये पैंतीस, ये पैंतालीस, वो उप्पर की साठ,"
मुश्ताकभाई आकडीच्या काठीनं एकेक खाली घेतो.
आमच्या जालन्यात लिटर म्हटलं की टँकर,
डिझेल, नाहीतर दूध.
पंचेचाळीस म्हणजे तीन घागरी,
मी मनात हिशेब लावला
आणि पाठ आधीच ठणकायला लागली.

दीक्षानं यादी पाठवली होती फोनवर:
चेन दुहेरी, तळाला जाड कापड,
पाठीशी वारा खेळायला जागा,
कमरेला पट्टा हवाच हवा.
"आणि पप्पा, नुसती मिलिटरीसारखी दिसणारी घेऊन येऊ नका."

दिसणाऱ्याच जास्त होत्या.
जागोजाग बकलं, लोंबणाऱ्या नाड्या,
आणि अंगभर हिरवी-काळी ठिगळं
कुठल्या तरी ओल्या जंगलाची.
"कमांडो माल है साब. इसमें आदमी दिखताच नै."
म्हटलं, भाऊ, मला जायचंय अंतूरच्या किल्ल्यावर,
तेही मार्चात.
तिथं हिरवा माणूस दोन कोसांवरून दिसेल.
आमच्याकडं लपायचं तर
वाळल्या कुसळीचा रंग पाहिजे.

तो हसला. आत गेला.
तंबूच्या ढिगामागून एक ओढून आणली,
ऊन खाऊन मातकट झालेली,
लिलावात आलेली, खरी.
झाकणावरची नावाची पट्टी कुणीतरी उसवलेली,
टाक्यांची भोकं तेवढी उरलेली.
बोट फिरवलं. अक्षर लागलं नाही.
बाजूच्या खिशात चिमूटभर वाळू निघाली,
पांढरी, पिठासारखी,
इकडची नव्हे.

"खाली पेहन के क्या समझेंगा?"
त्यानं पाच-पाच किलोची दोन वजनं
सतरंजीत गुंडाळून आत टाकली,
वर पाण्याच्या तीन बाटल्या.
"अब चलो. उस रिक्शा तक."

पाचव्या पावलाला त्यानं थांबवलं.
"साब, डावा कंधा झुकेला है."

आहे.
एकतीस वर्षं.
जालना–भोकरदन, भोकरदन–सिल्लोड,
"पुढं सरका, पुढं सरका" म्हणत
चिल्लरीची चामडी बॅग त्याच खांद्यावर.
आमचा टेलर न विचारता
डावीकडं अर्धा इंच धरायचा.
रोज संध्याकाळी डेपोत सगळं मोजून द्यायचो,
बॅग रिकामी व्हायची,
खांदा काही वर यायचा नाही.

मुश्ताकभाई बोलला नाही काही.
डावा पट्टा दोन बोटं आवळला,
उजवा जरा सैल.
मग कमरेचा पट्टा ओढून खट्‌कन लावला.
"वजन कंधे पे नको. कमर पे बैठने दो."
आणि बसलं.
दहा किलो आणि वर पाणी,
कुठं गेलं कळेना.
मी रिक्षापर्यंत गेलो,
रिक्षाच्या पुढं गेलो,
नारळवाल्यापाशी जाऊन वळलो.
एक पोरगं बघत उभं होतं. बघू दे.

अठराशे म्हणाला. मी बाराशे.
चौदाशे पन्नासला दोघंही दमलो.
पाचशेच्या तीन नोटा दिल्या.
त्यानं गल्ला उघडला, खालीवर केला,
आणि कानामागचा पेन काढला.
"सुट्टे नै है, साब."

बिलाच्या पाठीवर लिहिलं: बाकी ५०.
खाली गोल करून सही.

हेच मी किती हजार तिकिटांच्या पाठीवर लिहिलं असेल,
आणि सिल्लोडला उतरताना
किती जण विसरून गेले असतील,
किती जणांना मी आठवण केली नसेल.

बिलाची घडी घातली.
बाजूच्या खिशात ठेवली, त्या वाळूत.
"किल्ल्यावरून आल्यावर नेईन," म्हटलं.
"आव ना," तो म्हणाला, "बॅग भी दिखाव."