तारीख

अठरा दिनारला घेतला, जुम्मा बाजारात.
विकणाऱ्यानं झाकण बाहीनं पुसलं,
म्हणाला, भाई, अंदर से एकदम साफ.
साफ नव्हता.
नूरिया नावाचं एक खातं होतं, कुलूपबंद,
आणि बटणांच्या फटीत तीळ.
कुणीतरी खुबूस खात खात टाइप केलं असणार.

फहाहील, चौथा मजला, सहा माणसांची खोली.
वायफायची वर्गणी माझी दोन दिनार, एकदाही चुकलेली नाही.
पाचही काठ्या भरलेल्या.
जोडलेलं आहे, असं तो स्वतःच सांगतो
आणि एक पान उघडत नाही.

सुगुणननं राउटर बंद करून तीस आकडे मोजले, मल्याळममध्ये.
मी मराठीत मोजले, माझे आधी संपले.
मग वायर बदलली.
मग यंत्राला पासवर्ड विसरायला लावला
आणि परत शिकवला, शेवटी उद्गारचिन्ह.
मग ड्रायव्हर. तो आणला टाइमकीपरकडून, पेनड्राइव्हवर,
शुक्रवारी मटण करून घालायच्या बोलीवर.
काही नाही.
पाइपाची गळती मी साबणाच्या पाण्यानं शोधतो,
फेस आला की तिथे बोट ठेवायचं.
याला फेस कुठे येतो?

हर्षाली तिकडे वही उघडून बसलेली.
फोनवर तिला दिसतं माझं नाक आणि वरचा पंखा.
दहावीची भूमिती, स्पर्शिका आणि जीवा,
तळहाताएवढ्या काचेत मावत नाहीत.
आणि कोन मला कळतात. चौदा वर्षं कोनच कापतोय.
शिकवण्याजोगी एवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे.
इथे साडेआठ, म्हणजे तिकडे अकरा.
मागून तिची आई: पुरे आता, झोप.

चौथ्या रात्री मोफिजुल आला, खालच्या मोबाइल दुकानातला.
राउटरकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नख टेकवलं:
नेट ठीक है. तुम्हारा तारीख मर गया.

एक जानेवारी, दोन हजार नऊ.

आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. तीन रात्री.

आत बटणाएवढा एक सेल असतो म्हणे.
तो संपला की यंत्र दर वेळी
त्याच दिवशी जागं होतं, रात्री बाराला,
आणि समोरचे दरवाजे म्हणतात,
आमची प्रमाणपत्रं अजून निघालीच नाहीत,
तू आलास कुठून?

बरोबर आहे त्यांचं.
त्या तारखेला मी लोट्याला ग्रिलचे गेट जोडत होतो.
पासपोर्टसाठी फोटो काढला नव्हता.
मुलगी बघायला जायचं होतं, तेही मामा नुसतं बोलला होता.
हर्षाली तर कुठेच नव्हती.
तिला कॉल कसा लागणार?

मोफिजुल म्हणाला, तुम करो, सीखो.
मी वर्ष एकेक करून वर चढवलं.
दहा. अकरा, इथे बोट थांबलं.
बारा, विमान.
तेरा चौदा पंधरा, हे कसे गेले ते बटणालाही कळलं नाही.
वीस, त्या साली विमानं नव्हती
आणि वडील होते मार्चपर्यंत.
मी दाबत राहिलो.
घड्याळ इथलं लावू की तुमच्या घरचं, त्यानं विचारलं.
साधा प्रश्न, अडीच तासांचा.
मला पटकन सांगता येईना.

सेल अडीचशे फिल्सचा. कल लाता हूँ, म्हणाला.
त्या उद्याला आता आठवडा झाला
आणि मीही त्याला आठवण केलेली नाही.
रोज जेवण झालं की मांडी घालून बसतो,
नऊपासून वर चढतो,
सुगुणन म्हणतो, तुझी जपमाळ सुरू झाली.

काल घाईत एक दिवस पुढचा पडला.
तरी लागला.
तिकडून ती म्हणाली, बाबा, पडदा जरा खाली करा,
तुमचा कोन चुकलाय.