नोंद क्रमांक तीनशे बारा

रजिस्टरात मीच लिहिलं होतं, निळ्या शाईनं :
वस्तू – जाकार्डचे पुठ्ठे, सुतळीनं ओवलेले, एक माळ.
साहित्य – पुठ्ठा, सुतळी.
स्थिती – खराब. ठिकठिकाणी भोकं.

राजलिंगम अन्नलदास आले दाजी पेठेतून,
मे महिना, सकाळचे अकरा,
डोक्याला ओला टॉवेल.
काचेवरचं कार्ड त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं
आणि खोकला लागेपर्यंत हसले.

"बाई, भोकं पडली नाहीत. पाडलीत.
एकवीस वर्षं मी तेच केलं.
पगार भोकांचाच होता."

मी कपाट उघडलं.
हात लावू नये, ही पाटी माझ्याच मागे होती.

त्यांनी डोळे मिटले, बोटं पुठ्ठ्यावरून सरकू लागली,
ओठांत पुटपुट, निम्मी तेलुगूत :
उचल, उचल, सोड, उचल,
सोड, सोड.
"भोक असलं की सुई पार जाते, दोरा वर येतो.
पुठ्ठा शाबूत, तिथं काही नाही."
काही वेळानं : "ही मान."
मग : "आता पिसारा सुरू."

मला दिसत होता पिवळा पडलेला पुठ्ठा
आणि वरचा पंखा, कुरकुरणारा.

चौसष्टाव्या पुठ्ठ्याशी बोट थांबलं.
"हे एक पाडायचं राहिलं.
त्या दिवशी मुलीला ताप होता.
शेठच्या लक्षात आलं नाही,
दोन हंगाम चादरी गेल्या तशाच.
कुठं कुठं गेल्या असतील."

मुलीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
त्यांनी टॉवेल पुन्हा भिजवला, नळ नीट बंद केला, गेले.

'खराब' खोडलं.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
'साहित्य'च्या रकान्यात मात्र
पुठ्ठा, सुतळी यांच्यापुढे एक स्वल्पविराम दिला
आणि तसाच सोडला. साहेब विचारतील.

रात्री गच्चीवर चादर अंथरली,
आईची, धुवून धुवून मऊ झालेली.
तिच्यावरही मोर आहेत.
अंधारात बोटांनी पिसारा चाचपत गेले,
एक डोळा, दुसरा, तिसरा,
आणि मोजणं चुकलं
की खरंच तिथं काही नव्हतं,
कळलं नाही.
दिवा लावायला उठले नाही.