मुळाशी माती

पहिली जुडी मी घेतली ती हिरवी दिसली म्हणून.
बस थांब्याजवळचा पोरगा, केस चापून बसवलेले,
बर्फाच्या लादीवर मांडलेला पाला,
वरून पाण्याचा फवारा.
"मघाशीच आली, सेन्योरा."

त्या रात्री बाबांनी बादली सोडली नाही.
चाळीस वर्षं आसुन्सिओनात बस चालवलेला माणूस,
मूत्रपिंडात सहा मिलिमीटरचा खडा,
बादलीच्या कडा धरून मला म्हणतो,
"चुकीच्या बसमध्ये बसवलंस, पोरी."

मग मी विचारत सुटले.
माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना,
माप घेताना, टाचण्या तोंडात धरून.
प्रत्येकीची एक पालेवाली होती, प्रत्येकीची अस्सल,
आणि बाकीच्या सगळ्या लुच्च्या.

चार नंबरच्या बाजारात पहाटे
उखळींचा आवाज आपल्या आधी पोचलेला असतो.
ठक् ठक् पुदिना, ठक् ठक् कोकू,
तेरेरेचे थर्मास पुढे करून उभी माणसं,
कुणाचं पित्त, कुणाची झोप, कुणाचा नवरा,
सगळं मोठ्याने, भाजीचा भाव विचारावा तसं.

दोन्या देओलिंदाच्या फडक्यावर फवारा नव्हता.
जुड्या मलूल. मुळाशी लाल माती.
एकीत तर जिवंत गोगलगाय.
मी म्हटलं, पारापाराई हवी, खडा फोडणारी.
तिने एक काडी हातात दिली. "मोड."
मोडली.
"दूध आलं?"
नाही.
"आता उलटी कर."
पानांच्या पोटाखाली हिरव्या मण्यांची रांग,
टीप घातल्यासारखी सरळ.
"दूध येतं ती हिची तोतया बहीण.
तुझ्या बापाला तीच भेटली."

पैसे मोजताना म्हणाली, डॉक्टर काय म्हणाला?
पाणी प्या म्हणाला.
"मग पाणी जास्त, पाला कमी."
आणि अर्धी जुडी परत काढून घेतली.
असा धंदा करतं का कुणी?

खडा पडला.
पाल्याने, पाण्याने, की बाबांच्या शिव्यांनी,
मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.
काडेपेटीत ठेवलाय त्यांनी.
येईल त्याला दाखवतात.

एका रविवारी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले.
खिडकीतून तीन तास सोयाबीन,
मग आणखी सोयाबीन,
मग एक ओढा आणि त्याच्या काठाला उरलेली
माझ्या शिवणखोलीएवढी रुंद झाडी.
तिची बहीण फेलिसिआना वाकून चाललेली,
तीन रोपं दिसली की एक उपटायची,
दोन पुढच्या वर्षाला.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच," ती म्हणाली. "विश्वास नसेल तर मोज."
मोजलं नाही. पण विचार आला होता, खोटं कशाला बोलू.

परवा गेले तर देओलिंदा जागेवर,
फडकं अंथरलेलं, वर काही नाही.
उखळ पालथी.
सोमवारी फवारणीचं विमान ओढ्यावरून वळलं म्हणे,
वळताना बंद करायला विसरलं.
झाडी उभी आहे. पानं हिरवी आहेत.
विकायची झाली तर कुणाला कळलंही नसतं.
विचारेल त्याला ती एकच शब्द देत होती,
न्दाइपोरि. नाही. आज नाही.
दोन तासांचा प्रवास करून, भाडं भरून,
फक्त नाही म्हणायला आलेली.

शेजारून ठक् ठक् ठक्.
फवाऱ्याखालचा पाला चमकत होता.
गिऱ्हाईक तिकडे वळत होतं, मी पाहिलं.

एक बाई मात्र थांबून राहिली, कडेवर मूल.
"मग कधी?"
देओलिंदाने वर आभाळाकडे पाहिलं,
बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं.
"दोन मोठे पाऊस, आणि वर बारा दिवस.
तेव्हा ये.
तेव्हासुद्धा आधी मी चावून बघेन."