ओठांचं माप

त्या बेटावर मी कधी गेले नाही.
माझा समुद्र रोममध्येच होता, एका तळघरात:
पत्र्याची परात, परातीत सुके वाटाणे,
आणि ती हळूहळू कलती करणारा ओरेस्ते, दमेकरी.
लाटेत त्याचा खोकला मिसळला की टेक पुन्हा.

फेब्रुवारी. पायाशी हीटर, अंगात दोन स्वेटर,
आणि पडद्यावर ती, कमरेला फुलाफुलांचं वस्त्र,
उन्हाने मिचकावलेले डोळे.
श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.
आमच्या कागदावर नुसतं ‘मुलगी’.
तोंड तिचं हलायचं, आवाज माझा.

शिंप्याने गळ्याचं घ्यावं
तसं मी ओठांचं माप घ्यायचे.
शेवटच्या प्रसंगात ती नायकाकडे बघतच नाही,
त्याच्या खांद्यावरून लांब बघते, डोळे भरलेले,
आणि ओठ अकरा वेळा उघडतात.
‘माझं प्रेम आहे’ एवढ्याने ते भरेनात.
मग बेनामातीने सिगरेट विझवली, ओळ वाढवली:
‘जा तू. समुद्र आटला तरी मी इथेच असेन.’
चपखल बसली.
थिएटरात बायका रडल्या म्हणे.
मला चार हजार लिरे मिळाले, आणि घसा बसला.

परवा रात्री टीव्हीवर तोच सिनेमा, आवाज बंद करून बघत होते.
जिन्यापलीकडचा तेरीई मीठ मागायला आला,
पाद्री व्हायला शिकतोय, स्वैपाक येत नाही.
दारातच थबकला. मग इतका हसला
की वाटी खाली ठेवावी लागली.
‘ही तर मोएराई! माझ्या आजीची बहीण.’
काय म्हणतेय रे?
‘म्हणतेय, धावा कुणीतरी,
दोर सुटला, बाबांची होडी चालली.’

होडी गेली ती गेलीच.
कंपनीने त्यांना एक गॉगल दिला
आणि उरलेले टोमॅटोचे डबे.

मी पडद्याजवळ गेले, चष्मा लावून.
नायकाच्या कानाशेजारी, पन्नास वर्षं,
एक काळा ठिपका लहान होत होता.

तेरीईकडून ते वाक्य घोकून घेतलंय.
भांडी घासताना म्हणते, त्यांच्याच भाषेत,
अकरा वेळा तोंड उघडून.
काल जरा जोरात म्हटलं गेलं.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं,
काय झालं, सिन्योरा?
नळ चालू होता.
ऐकू आलं नाही असं दाखवलं.