खुंट आणि डोळा

रात्रीचे साडेअकरा. शेंदुरजन्याच्या अलीकडे
पत्र्याच्या शेडमध्ये पट्टा थांबलेला.
संत्री जिथल्या तिथे,
खेळात कुणी 'स्टॅच्यू' म्हणून विसरून गेल्यासारखी.
बाहेर कलकत्त्याचा ट्रक. ड्रायव्हर
तिसऱ्यांदा विचारून गेला, आणि आता विचारत नाही,
ते जास्त वाईट.

मी सुकेशनी डोंगरे. महिन्याला नऊ हजार.
हजेरी, हिशेब, आणि ज्याला इथं कुणी हात लावत नाही
तो कॉम्प्युटर.
संध्याकाळी त्यानंच विचारलं होतं, अपडेट करू?
मी म्हटलं, कर.
दुधवाल्याला म्हणावं तसं.

नागपूरच्या कंपनीचं खाजगी कोठार आहे.
किल्लीशिवाय आत जाता येत नाही,
आणि किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांची गिचमीड,
मी ती गॅसच्या पुस्तकामागे उतरवून ठेवलेली.
कोठारानं आत घेतलं. मग हिशेब मांडला:
प्रतवारीच्या पॅकेजला कॅमेऱ्याचं पॅकेज हवं,
दोन पूर्णांक सातच्या वरचं, पण तीनच्या आतलं.
लेबलच्या पॅकेजलाही तेच हवं,
पण तीन, नाहीतर त्याच्या पुढचं.
घर एक, खोली एक, दोघांचे पाहुणे वेगळे.
जमत नाही, असं ते लाल अक्षरांत म्हणालं.
माणसं इतक्या लवकर कबूल करत नाहीत.

लेबलला एक पायरी खाली आणलं,
तर त्यानं जुना फॉन्ट मागितला.
फॉन्ट दिला, तर प्रिंटर ओळख दाखवेना.

नर्सरीतून झिंगाजीकाका आले,
कानाला मफलर, नखांत जंभेरीचा हिरवा चीक,
दिवसभर डोळे बांधून पाठ धरलेली.
"काहून थांबलं व पोरी?"
नवीन आलं ते जुन्याशी जुळत नाही, मी म्हटलं.
"मंग? खुंट पाहूनच डोळा बांधा लागते.
जंभेरीवर धरला थो दुसऱ्या खुंटावर धरनच, असं नाई.
अन् कोन्त्या झाडाचा बांधला थे लिहून ठेवा लागते.
नाई त पाच वर्सांनी फळ येते
अन् मंग कोनाले शिव्या देशीन?"

कोठारात दोन-सात-चार शोधलं. रिकामं.
मुकुंद खापेकरांना उठवलं फोन करून.
"ते जुनं आम्ही काढून टाकलं, मॅडम. जागा खात होतं.
आता कोण वापरतं ते?"
मी.
पलीकडे पंख्याचा आवाज. डिसेंबरातसुद्धा.

मग चहापत्तीच्या डब्यात, सेलो टेप आणि जळक्या फ्यूजखाली,
आधीच्या पोराचा पेनड्राइव्ह सापडला.
तो म्हणे अकोटला लग्नाला गेला
आणि तिकडचाच झाला.
पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईत:
२.७.४ चालते.
ना नाव, ना तारीख.

अंक खिळला. बरोबर एवढाच,
वरचा नाही, खालचा नाही.
लेबलचं पॅकेज उपटून काढलं.
पट्टा दचकला, आणि संत्री आपापल्या मापाच्या भोकाकडे
निघाली, मधे काही झालंच नाही अशी.

लेबलं हातानं लिहिली. मैनाबाई आकडे सांगत होती,
मी स्केचपेननं, चारशे बारा क्रेट.
'आंबिया' शब्दातला अनुस्वार
दोनशेनंतर मी देणं सोडलं.
ट्रक सव्वादोनला गेला.

मग वहीत लिहिलं, पुढच्या कुणासाठी:
कॅमेरा २.७.४. बदलू नये.
का, तेही लिहिलं. पान भरलं. मागच्या बाजूलाही लिहिलं.
पेनड्राइव्हची नक्कल काढून
गॅसच्या पुस्तकात ठेवली.

सकाळी नऊला यंत्र सुरू केलं.
अपडेट करू?
'नंतर' असं एक बटण आहे.
'नको' असं नाही.