पाऊणपट

दाभोळच्या धक्क्याजवळ, कस्टमच्या जुन्या गुदामात
अब्बास परकारांची घड्याळं
रविवारी दहा ते एक उघडी असतात.
तिकीट नाही. चपला बाहेर.
प्रत्येक कपाटात वाटीभर कोरडे तांदूळ,
खारी हवा आधी त्यांनी खावी म्हणून.

एकशे चाळीस घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.
"जुळवत नाही मी," परकार म्हणतात,
"ज्याला जी वेळ ठाऊक, ती त्यानं सांगावी."
त्यामुळे इथे बारा वाजायला अकरा मिनिटं लागतात.
एक खणखणीत, एक खोकल्यासारखं,
शेवटी ते जर्मन, पक्षी हरवलेलं,
नुसतंच दार उघडून मिटणारं.

खलाशांची सगळी. एडनची, मोंबासाची.
एका कार्डावर, निळ्या शाईत:
'धनी परतला नाही. घड्याळ आलं.'

तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर, एक वेस्ट एंड.
'गुहागर बाजार, भंगारातून. मालक अज्ञात.'
पाठीवर खिळ्यानं ओरखडलंय
१५ – ११।

बाबा धोपाव्याच्या लाँचवर होते.
घड्याळ मनगटाला, हिशेब बोटांवर:
तिथीची पाऊणपट केली की भरती.
अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.
मी नर्सिंगला गेले त्या जूनमध्ये
मनगटावर नुसता गोरा पट्टा उरला होता.
खाडीत पडलं, म्हणाले.
आई काही न बोलता भाकरी थापत राहिली.

पुढे तेहेतीस वर्षं मी लोकांची मनगटं धरली,
अर्धं मिनिट मोजलं, दुप्पट लिहिली.
खाडी ओलांडताना दर वेळी वाकून पाण्यात बघायचे.

"एकाला चावी द्यायची मुभा आहे," परकार म्हणाले,
"पाहुण्यांना. कोणतंही एक."

चावी बारीक, खवल्यासारखी खरखरीत.
सात-आठ वेढ्यांनंतर काटा दचकला, चालू लागला.
आता किती वाजलेत म्हणून लावू?
आज षष्ठी. सहाची पाऊणपट.
मी साडेचार लावले.

परकारांनी काट्यांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या मनगटाकडे: बारा वीस.
मग खिडकीतून खाली,
जिथे धक्क्याची चौथी पायरी
नुकतीच ओली होत होती.

"असू दे तसंच," म्हणाले,
आणि कार्ड पुसायला रुमाल काढला.